पहिल्या वर्षी फर्स्ट लेगो लीग: शाळेच्या नव्या संघाची प्रादेशिक फेरीपर्यंतची तयारी

रोबोटिक्सची स्पर्धा म्हटली की शाळेत पहिली चर्चा किटची होते. कोणतं घ्यायचं, कितीला पडेल, शिकवणार कोण. फर्स्ट लेगो लीगमध्ये उतरायचं असेल तर ही चर्चा आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी गुणांची वाटणी समजून घ्या. या स्पर्धेत चार गोष्टी पाहतात: टेबलावर रोबोटने मिळवलेले गुण, रोबोटची रचना, संशोधन प्रकल्प आणि संघाचं एकमेकांशी व इतरांशी वागणं, ज्याला तिथे कोअर व्हॅल्यूज म्हणतात. चारही गोष्टींना सारखं वजन, प्रत्येकी २५ टक्के. त्यामुळे टेबलावर पहिला आलेला संघ परीक्षकांसमोर अडखळला तर मागे पडू शकतो. उलट मध्यम गुणांचा, पण आपलं काम नीट समजावून सांगणारा संघ पुढच्या फेरीत जाऊ शकतो.

नव्या संघांना माझा एकच आग्रह असतो. थोडं करा, पण जे कराल ते मुलांच्या हातचं आणि दर वेळी जमणारं असू द्या. खालच्या सगळ्या सूचना याच आग्रहातून आल्या आहेत.

स्पर्धेची ओळख

फर्स्ट ही अमेरिकेतली संस्था डीन केमन यांनी १९८९ मध्ये सुरू केली. १९९८ मध्ये लेगो कंपनीबरोबर त्यांनी शाळकरी मुलांसाठी ही लीग आणली. भारतात अनेक वर्षं इंडिया स्टेम फाउंडेशन ती भरवत आलं आहे. लीगमध्ये वयानुसार डिस्कव्हर, एक्सप्लोर आणि चॅलेंज असे तीन गट आहेत. हा लेख चॅलेंज गटाविषयी आहे, जो भारतात ९ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी असतो. प्रादेशिक फेरीतून निवडलेले संघ राष्ट्रीय फेरीला जातात आणि तिथून काही थोडे एप्रिलमध्ये ह्यूस्टनला भरणाऱ्या जागतिक मेळाव्यासारख्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांना.

दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास नवा विषय जाहीर होतो. २०२३-२४ ला ‘मास्टरपीस’ होता, कला आणि छंदांवर. २०२४-२५ ला ‘सबमर्ज्ड’, म्हणजे समुद्राचा शोध. २०२५-२६ ला ‘अनअर्थ्ड’, म्हणजे पुरातत्त्व. टेबलावरची लेगोची मॉडेल आणि संशोधन प्रकल्प दोन्ही त्या विषयाभोवती असतात. म्हणून गेल्या वर्षीच्या संघाचे व्हिडिओ पाहून रोबोट कसा धावतो ते कळेल, पण मिशन, म्हणजे टेबलावर रोबोटने करायची कामं, तीच येणार नाहीत.

पहिली पायरी: संघ

संघात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त दहा मुलं चालतात. सोबत दोन प्रौढ कोच लागतात. नव्या शाळेने सहा ते आठ मुलं घ्यावीत. दहा घेतली तर रोबोटभोवती चौघं आणि बाकीची खिडकीपाशी, असं चित्र दिसायला लागतं. चारच घेतली तर परीक्षा आणि आजारपणात काम थांबतं.

निवड करताना फक्त गणित-विज्ञानात पुढे असलेल्यांची यादी काढू नका. जिला माणसांशी बोलायला आवडतं अशी मुलगी, ज्याला नीटनेटकं लिहून ठेवायची सवय आहे असा मुलगा, घरी सायकल स्वतः उघडून दुरुस्त करणारं कुणी, हे सगळे इथे लागतात. सातवी, आठवी, नववी अशी मिसळ ठेवा. सगळी दहावीच्या उंबरठ्यावरची मुलं घेतलीत तर पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. मुलींची संख्या जाणीवपूर्वक राखा. आणि मुली सादरीकरणाला, मुलगे प्रोग्रामिंगला अशी वाटणी आपोआप होऊ देऊ नका. पहिला महिना प्रत्येकाने प्रत्येक काम करून पाहायचं, मग आवडीने वाटून घ्यायचं.

कोचला रोबोटिक्स यायलाच हवं असं नाही. मराठीच्या किंवा भूगोलाच्या बाईंनी उत्तम संघ घडवावा, इतकी जागा या स्पर्धेत आहे. कोचचं काम वेळ पाळणं, प्रश्न विचारणं, भांडणं सोडवणं आणि पालकांना रोबोटपासून लांब ठेवणं. शेवटचं काम सर्वांत अवघड आहे. इंजिनिअर असलेले बाबा प्रेमानेच पुढे येतात आणि दहा मिनिटांत प्रोग्राम दुरुस्त करून देतात. तो प्रोग्राम मग कुणालाच समजावून सांगता येत नाही. पहिल्या पालकसभेतच सांगा की प्रौढांनी फक्त प्रश्न विचारायचे, माउसला हात लावायचा नाही.

दुसरी पायरी: नोंदणी आणि सामान

खर्च चार ठिकाणी होतो: नोंदणी शुल्क, त्या वर्षीच्या मिशन मॉडेलचा संच व टेबलावर अंथरायची मॅट, रोबोटचं किट, आणि टेबल व प्रवास. मॉडेलचा संच दर वर्षी नवा घ्यावा लागतो. रोबोटचं किट मात्र अनेक वर्षं चालतं. नोंदणी लवकर करा, कारण संच पोहोचायला वेळ लागतो आणि प्रत्येक केंद्राची संघसंख्या मर्यादित असते. आपलं केंद्र कोणतं, फेरी कोणत्या तारखेला, वयाची मोजणी कोणत्या दिवसापासून, हे आयोजकांकडून लेखी घ्या.

टेबलावर चालणाऱ्या रोबोटसाठी नियम कडक आहेत. कंट्रोलर (रोबोटचा मेंदू), मोटर, सेन्सर आणि इतर तुकडे लेगोचेच, आणि मूळ अवस्थेत. कापलेले, चिकटवलेले, रंगवलेले तुकडे चालत नाहीत. लेगोची दोरी आणि हवेची नळी तेवढी कापता येते. एका सामन्यात एकच कंट्रोलर आणि जास्तीत जास्त चार मोटर. लेगोच्या स्पाइक प्राइम या रोबोट किटच्या मूळ संचात एक मोठी आणि दोन मध्यम मोटर येतात. विस्तार संचात आणखी एक मोठी मोटर, एक कलर सेन्सर आणि मोठी चाकं मिळतात. दोन्ही मिळून चार मोटरची सोय होते. लेगोचं जुनं ईव्ही३ किट कपाटात पडलं असेल तर ते काढा, चार्ज करून पाहा. पहिल्या वर्षाला ते पुरतं. नवं घेणार असाल तर येत्या हंगामात कोणते संच चालणार आहेत ते विचारून मगच पैसे भरा.

आपल्याकडे अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत. निती आयोगाने २०१६ मध्ये सुरू केलेली ही योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे आणि त्यात शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. तिथली आर्डुइनो बोर्ड, सेन्सर आणि थ्रीडी प्रिंटर टेबलावरच्या रोबोटला वापरता येणार नाहीत. पण संशोधन प्रकल्पाचा नमुना बनवायला त्या लॅबइतकी चांगली जागा नाही. ही विभागणी मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे प्रिंटरवर रोबोटचा हात छापण्यात आठवडा जाणार नाही.

तिसरी पायरी: टेबल

याला लोक कमी लेखतात. सपाट टेबल नसेल तर सरावातला रोबोट आणि स्पर्धेतला रोबोट वेगळा वागतो. खेळाच्या पटाचं आतलं माप २३६२ बाय ११४३ मिलीमीटर असतं. ही मापं विचित्र वाटतात, पण सुताराला लगेच समजतात. आठ बाय चार फुटांचा अख्खा प्लाय घ्यायचा आणि त्याच्या कडेवर चारही बाजूंनी ३८ मिलीमीटर, म्हणजे दीड इंच जाडीची पट्टी ठोकायची. आत उरतं ते हेच माप. प्लाय कापावाही लागत नाही. पट्टीची उंची ६४ मिलीमीटरच्या आसपास ठेवा. बारा मिलीमीटरचा प्लाय चालेल, पण पावसाळ्यात तो वाकतो. खाली आडव्या पट्ट्या मारून घ्या आणि दोन भक्कम बाकांवर ठेवा.

मॅटची घडी कधीही घालू नका, गुंडाळूनच ठेवा. मॉडेल बांधायला दोन-तीन बैठका लागतात. ती मुलांनाच जोड्यांनी बांधू द्या, कारण मॉडेल बांधताना ते कसं हलतं, कुठे ढकललं की काय उघडतं, हे हातांना कळतं. प्रत्येक मॉडेल तपासा. एक पिन उलटी लागली तर महिनाभर चुकीच्या मॉडेलवर सराव होतो. मॅटवर मॉडेल पक्की करायला संचात चिकट पट्ट्यांचे तुकडे येतात. ते नेमक्या खुणांवरच लावा.

चौथी पायरी: शाळेच्या वर्षात बसणारं वेळापत्रक

अधिकृत पुस्तिकेत तयारीची १२ सत्रं दिलेली असतात. ती ऑगस्टपासून धरली तर वाटेत गणपती, सहामाही परीक्षा आणि दिवाळी येते. म्हणून हिशेब आधीच मांडा. गणपतीच्या सुट्टीपर्यंत मॉडेल बांधून व्हावीत, साधा रोबोट सरळ जावा आणि वळावा, आणि प्रकल्पासाठी दोन-तीन समस्यांची यादी तयार असावी. परीक्षेच्या काळात रोबोट बंद. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे वर्ग रिकामे असतात, टेबल मांडून ठेवता येतं आणि मुलांना सलग तीन-चार तास मिळतात. रोबोटचं खरं काम याच दिवसांत होतं. मुख्याध्यापकांकडून सुट्टीत शाळा उघडायची परवानगी आधी घ्या. सेवकमामांनाही सांगून ठेवा, नाहीतर किल्लीवाचून दिवस जातो.

पाचवी पायरी: रोबोट

सामना अडीच मिनिटांचा. रोबोट स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, रिमोट नाही. पटाच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन लाँच एरिया असतात. रोबोट तिथून निघतो, काही मिशन करतो, घरी परततो, मुलं त्याची अटॅचमेंट, म्हणजे कामापुरता जोडलेला भाग, बदलतात आणि पुढचा प्रोग्राम सुरू करतात. अशा एका फेरीला रन म्हणतात. टेबलापाशी एका वेळी चौघं, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. बाहेर गेलेल्या रोबोटला हात लावला की एक प्रिसिजन टोकन जातं. गेल्या काही हंगामांत सहा टोकन असतात. सहा किंवा पाच उरली तर ५० गुण, चार उरली तर ३५, तीनला २५, दोनला १५, एकाला १०. म्हणजे पहिला हात फुकट आहे, त्यानंतरचा प्रत्येक महाग. शिवाय सामन्यापूर्वी सगळं सामान एकाच लाँच एरियात आणि ठरलेल्या उंचीच्या आत बसलं तर २० गुण मिळतात. रोबोट लहान ठेवला की काहीही न करता मिळणारे हे गुण आहेत. ते सोडू नका.

आता गणित. रोबोट एक अंशाने चुकीच्या दिशेला वळला तर एक मीटर पुढे गेल्यावर तो पावणेदोन सेंटीमीटर बाजूला पोहोचतो. मॉडेलचा खटका अनेकदा तेवढ्याच रुंदीचा असतो. म्हणून मुलांना पहिला महिना मिशन करायला देऊच नका. फक्त सरळ जाणं, नेमकं वळणं आणि थांबणं. मॅटवर पेन्सिलने नव्हे, कागदी टेपने खूण करा आणि दहा वेळा तोच रन करून रोबोट कुठे थांबतो ते मोजा. दहांचे दहा आकडे वहीत लिहा. हीच वही पुढे परीक्षकांसमोर उघडायची आहे.

सरळ जाण्याच्या काही युक्त्या आहेत आणि त्या स्वस्त आहेत. वेळेवर नव्हे, चाकाच्या फेऱ्यांवर किंवा अंशांवर अंतर मोजा. बॅटरी उतरली की दोन सेकंदांत रोबोट कमी जातो, पण चाकाची फेरी तेवढीच राहते. स्पाइकचं ५६ मिलीमीटर व्यासाचं चाक एका फेरीत साधारण साडेसतरा सेंटीमीटर जातं. म्हणजे टेबलाची पूर्ण रुंदी ओलांडायला साडेसहा फेऱ्या लागतात. हे मुलांना वर्तुळाच्या परिघाच्या धड्यातून स्वतः काढू द्या. सुरुवात आणि थांबणं हळू करा, एकदम वेग दिला की चाकं घसरतात. लांब पल्ल्यानंतर रोबोटची सपाट बाजू भिंतीला टेकवून सरळ करून घ्या. निघताना रोबोट दर वेळी त्याच जागी ठेवता यावा म्हणून लेगोचीच एक चौकट बनवा आणि ती भिंतीला लावून रोबोट टेकवा. डोळ्यांच्या अंदाजाने ठेवलेला रोबोट टाळ्या वाजत असताना चुकीचाच ठेवला जातो.

हबमधल्या (स्पाइकचा कंट्रोलर म्हणजे हब) जायरो सेन्सरने, म्हणजे वळण्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरने, वळणार असाल तर प्रोग्रामच्या सुरुवातीला कोन शून्यावर आणा आणि तेव्हा रोबोटला कुणी हात लावलेला नसावा. हलत्या हबवर घेतलेला शून्य खोटा असतो. रंग ओळखणारा सेन्सर मॅटच्या जवळ ठेवा, बाजूने लेगोच्या विटांची आडोशी भिंत करा आणि काळ्या-पांढऱ्याची मोजणी स्पर्धेच्या जागी पुन्हा करा. शाळेतल्या ट्यूबलाइटचा प्रकाश आणि सभागृहातल्या दिव्यांचा प्रकाश सारखा नसतो. चाकांवर धूळ बसते, ती दर तासाला ओल्या फडक्याने पुसा. हे काम संघातल्या एकाकडे नेमून द्या.

अटॅचमेंट अशी करा की पाच सेकंदांत निघावी आणि लागावी. चार पिना काढून पुन्हा बसवायच्या असतील तर अडीच मिनिटांतला मोठा वाटा घरातच जातो. वरून नुसती ठेवली तरी वजनाने बसून राहणारी रचना नवशिक्यांना सर्वांत सोयीची. मोटर नसलेली साधी अटॅचमेंट, एखादा आकडा किंवा ढकलायची फळी, अनेक मिशनना पुरते.

मिशन निवडताना जास्त गुणांच्या मागे धावू नका. एका रनमध्ये पाच मिशन ओवली आणि प्रत्येक मिशन दहापैकी नऊ वेळा जमतं असं धरलं, तरी पाचही एकत्र जमण्याची शक्यता ५९ टक्केच राहते. हा गुणाकार फळ्यावर करून दाखवा, मुलं तो विसरत नाहीत. पहिल्या वर्षी तीन ते चार रन, प्रत्येकात एक-दोन मिशन, आणि कसोटी एकच: सलग दहा वेळा केलं तर किमान आठ वेळा जमतं का? जमत नसेल तर ते मिशन सोडा किंवा अटॅचमेंट बदला. ‘आज दोनदा झालं’ याचा अर्थ झालं असा घेऊ नका.

प्रोग्राम शब्दांच्या ब्लॉकमध्ये लिहिला तरी चालतो, पायथनमध्ये लिहिला तरी. पायथन वापरलं म्हणून वेगळे गुण नाहीत. प्रत्येक प्रोग्रामला अर्थाचं नाव द्या. रोज संध्याकाळी तारीख घालून प्रत ठेवा. कालचा चालणारा प्रोग्राम आज कुणीतरी सुधारलेला असतो आणि जुना कुठेच नसतो, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते.

सहावी पायरी: संशोधन प्रकल्प

याचा प्रश्न शब्द न् शब्द वाचा. ‘सबमर्ज्ड’च्या वर्षी समुद्राचा शोध घेणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या माणसांना येणारी अडचण विचारली होती. किनाऱ्यावरचा प्लास्टिक कचरा उचलायचा प्रकल्प कितीही तळमळीचा असला तरी त्या प्रश्नाचं उत्तर होत नव्हता. ‘अनअर्थ्ड’ला पुरातत्त्व अभ्यासकांच्या अडचणी हव्या होत्या.

मग माणसं शोधा. पुरातत्त्वाचं वर्ष असेल तर महाराष्ट्रातल्या मुलांचं नशीब फार चांगलं आहे. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. त्याच संस्थेने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीचं चित्र उभं केलं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी जोर्वे आणि दायमाबाद आहेत. अशा ठिकाणी काम केलेल्या अभ्यासकाला मुलांनी विचारलं की उत्खननात सर्वांत जास्त वेळ कशात जातो, पाऊस आला तर उघडे खड्डे कसे झाकता, खापरांच्या हजारो तुकड्यांची नोंद कशी ठेवता, तर पुस्तकात न सापडणारं उत्तर मिळतं. त्या उत्तरातून समस्या निवडा.

समस्या निवडली की आधी जगात त्यावर काय उपाय आहेत ते शोधा, मग आपला उपाय मांडा. तो पूर्ण नवा असायलाच हवा असं नाही. आधीच्या उपायात अर्थपूर्ण सुधारणा चालते. नमुना बनवा, पुठ्ठ्याचाही चालेल, आणि तो ज्या अभ्यासकाशी बोललात त्यांच्यासमोर पुन्हा ठेवा. ते म्हणतील, ‘हे उन्हात टिकणार नाही’. मग बदला. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत हीच पावलं असतात: समस्या ओळखणं, योजना, निर्मिती, सुधारणा, मांडणी. सुधारणेचा टप्पा बहुतेक नवे संघ गाळतात, कारण नमुना स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तयार होतो. दिवाळीआधी पहिला कच्चा नमुना हातात हवा.

‘आम्ही एक ॲप बनवू’ हे उत्तर पहिल्या बैठकीत येतंच. त्याला लगेच नाही म्हणू नका. हे ॲप कोण उघडेल, रेंज नसलेल्या माळावर उघडेल का, आत्ता ते लोक वहीत जे लिहितात त्यापेक्षा ते कसं बरं, असे तीन प्रश्न विचारा.

सातवी पायरी: परीक्षकांची खोली

साधारण अर्ध्या तासाचं सत्र असतं. प्रकल्पाचं पाच मिनिटांचं सादरीकरण आणि त्यावर प्रश्न, मग रोबोटच्या रचनेबद्दल पाच मिनिटं आणि प्रश्न, मग संघ म्हणून काय अनुभवलं याबद्दल बोलणं. प्रत्येक निकषावर एक ते चार गुण असतात. कोअर व्हॅल्यूजचे गुण वेगळ्या नाटुकलीतून मिळत नाहीत. मुलं बोलताना एकमेकांना वाव देतात का, कोणाचं काम कोणी केलं ते मोकळेपणाने सांगतात का, यातून ते दिसतात. टेबलापाशीही रेफरी हेच पाहतात आणि तिथल्या सौजन्याची नोंद होते.

पाठ केलेलं भाषण पाच मिनिटं पुरतं, प्रश्नोत्तरांत ते उपयोगी पडत नाही. म्हणून सरावात शाळेतल्या वेगवेगळ्या शिक्षकांना बोलवा आणि त्यांना आधी काही न सांगता प्रश्न विचारू द्या. ‘हे चाक का निवडलं?’, ‘हा ब्लॉक काढला तर काय होईल?’, ‘तुमचं कशावरून भांडण झालं आणि कसं मिटलं?’ प्रत्येक मुलाला किमान एका प्रश्नाचं उत्तर देता यायला हवं. ‘ते आमच्या सरांनी केलं’ हे उत्तर खरं असेल तर तो भाग रोबोटमधून काढून टाका.

मराठी माध्यमाच्या मुलांना इथे इंग्रजीची धास्ती वाटते. आयोजकांना आधीच पत्र लिहून विचारा की मराठीत किंवा हिंदीत बोललेलं चालेल का. काहीही उत्तर आलं तरी पहिली तालीम मराठीतच करा. मुलं मराठीत ‘हा गिअर मोठा घेतला म्हणून वेग कमी झाला पण जोर वाढला’ असं सहज सांगतात. ते पक्कं झालं की तेच सोप्या, तुटक इंग्रजीत सांगायची तयारी करा. तांत्रिक शब्द तर तसेही इंग्रजीच असतात. कळलेलं साध्या भाषेत सांगणारं मूल परीक्षकांना हवं असतं. इंग्रजी छान असलेल्या एकट्याला सगळं बोलायला लावू नका, त्याने संघाचं नुकसान होतं.

आठवी पायरी: स्पर्धेचा दिवस

आदल्या रात्री रोबोट पूर्ण चार्ज करा आणि मग प्रोग्रामला हात लावू नका. सोबत घ्यायचं सामान: चार्जर, यूएसबी केबल, लांब एक्स्टेंशन बोर्ड, दोन लॅपटॉप आणि दोन्हीवर प्रोग्रामच्या प्रती, सुटे तुकडे भरलेला डबा, अटॅचमेंट ठेवायला खणांचा खोका, कोरडं आणि ओलं फडकं, छापलेली अर्जपत्रं, पालकांची संमतिपत्रं, पाण्याच्या बाटल्या आणि भरपूर खाऊ. हबला संघाचं वेगळं नाव द्या. एका सभागृहात डझनावारी हब ब्लूटूथवर असतात आणि सगळ्यांची नावं सारखी असली की गोंधळ होतो. प्रोग्राम केबलनेच टाका.

पोहोचल्यावर नोंदणी होते आणि संघाला पिटमध्ये, म्हणजे संघांच्या बसण्याच्या जागेत, एक टेबल मिळतं. तिथे पोस्टर लावा, आजूबाजूच्या संघांना जाऊन भेटा, त्यांचे रोबोट पाहा, आपला दाखवा. इथे दुसऱ्या संघाला सुटा तुकडा उसना देणं ही रोजची गोष्ट आहे. सरावाच्या टेबलावर वेळ मिळाला की नवीन काही करू नका. रंगाची मोजणी पुन्हा करा आणि प्रत्येक रन एकदा चालवा.

अधिकृत सामने तीन होतात आणि त्यातला सर्वोत्तम धरतात. म्हणून पहिल्या सामन्यात फक्त खात्रीचे रन. चांगला आकडा नोंदला गेला की तिसऱ्यात धाडसी मिशन करून पाहायला हरकत नाही. सामना संपल्यावर पटावर कोणीही हात घालायचा नाही. रेफरी मोजतात, मुलं शेजारी उभी राहून पाहतात आणि गुणपत्रिका पटली की मान्य करतात. शंका असेल तर मुलांनीच, तिथेच, शांतपणे विचारायची. निकाल दोन्हीकडे झुकू शकत असेल तर फायदा संघाला द्यायचा असा नियमच आहे. कोचने दोरीच्या बाहेर राहायचं. मूल रेफरीशी नियमाच्या आधाराने बोलतं तेव्हा आपण मध्ये पडलो तर त्याची सगळी तयारी वाया जाते.

रोबोट अडकतो, उलटतो, कधी सुरूच होत नाही. त्या क्षणाची तालीम शाळेत करा. सरावात मध्येच कोचने एक अटॅचमेंट लपवावी किंवा घड्याळ तीस सेकंद आधी थांबवावं. कोणता रन सोडायचा हे मुलांना आधी ठरलेलं असलं की घबराट होत नाही.

निकालानंतर

परीक्षकांचे शेरे मिळाले की त्याच आठवड्यात सगळ्यांनी एकत्र बसून वाचा. प्रत्येक शेऱ्याखाली लिहा: हे पुढच्या वर्षी कोण पाहील. राष्ट्रीय फेरीसाठी निवड झाली असेल तर रोबोट पाडून नवा बांधायचा मोह टाळा. आहे त्यात एक रन वाढवा आणि प्रकल्पाचा नमुना आणखी दोन अभ्यासकांना दाखवा. निवड झाली नसेल तर टेबल सोडवू नका. मार्चपर्यंत ते मांडलेलं ठेवा, पाचवी-सहावीच्या मुलांना शनिवारी बोलवा आणि यंदाच्या संघातल्या मुलांना शिकवायला लावा. जून उजाडेल तेव्हा सरळ जाणारा रोबोट बांधता येणारी आणखी सहा मुलं शाळेत असतील आणि ऑगस्टला नवा विषय येईल तेव्हा किटवर चर्चा करण्यात कुणाचाही वेळ जाणार नाही.